पुढच्या टप्प्यातला कॅन्सर आणि श्रद्धेचा आधार: घरभेटीत नेमकं काय करावं?

सांजवात_फोंडा
नमस्कार मंडळी. कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या रुग्णांच्या घरी जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी एक टिपणवही तयार होते आहे. औषधांच्या वेळा, ड्रेसिंग, दर दोन तासांनी कूस बदलणं हे भाग लिहून झालेत. गाडी अडलीय ती श्रद्धेच्या भागावर. स्वयंसेवक तो घरच्यांवर सोडतात, घरचे भटजींवर किंवा फादरवर सोडतात, आणि रुग्णाला स्वतःला काय हवंय हे विचारायचं राहून जातं.

माझे तीन प्रश्न आहेत:
१. पहिल्या भेटीत काय विचारायचं आणि कुठल्या शब्दांत?
२. रुग्ण संध्याकाळची मॉर्फिनची गोळी घेत नाही. म्हणतो, "सातला दिवा लागला की नाम घ्यायचं असतं, तेव्हा शुद्ध हवी." मग रात्री नऊपासून कळवळत राहतो. अशा वेळी काय करायचं?
३. हे काम नेमकं कोणाचं?

"आमच्याकडे असं झालं होतं" यापेक्षा "असं करा, असं करू नका" या स्वरूपात लिहिलंत तर वहीत थेट घेता येईल.

कुळागर
आधी दुखणं. पोटात आग पडली असताना कोणाला देव आठवत नाही, आणि आठवला तर तो रागानेच. खोलीत गेल्यावर पहिला प्रश्न "दुखणं शून्य ते दहा यात किती?" हाच. सहाच्या वर असेल तर त्या भेटीत श्रद्धेचा विषय काढू नका, दुखण्याचं बघा.

दुखणं आटोक्यात असेल तर खुर्ची ओढून रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर बसा. पलंगाशी उभं राहून बोललात की माणूस "बरं आहे" एवढंच म्हणतो. टीव्ही बंद, मोबाईल खिशात. मग साध्या शब्दांत:

"एवढं सगळं चाललंय, यात तुम्हाला बळ कशातून मिळतं?"
"देवधर्माचं काही नेहमी करत होता का? आता जमत नाही असं काही आहे का?"
"कोणाला भेटावंसं वाटतं? कोणी येऊ नये असं वाटतं?"
"यातलं आम्ही काय करून देऊ शकतो?"

चौथा प्रश्न विसरू नका. पहिले तीन विचारून वही मिटली तर रुग्णाला ती चौकशी वाटते. पाश्चात्य देशांत यासाठी 'फिका' नावाची प्रश्नावली वापरतात. क्रिस्टिना पुचाल्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी ती बनवली. श्रद्धा, तिचं आयुष्यातलं महत्त्व, सोबतची माणसं आणि उपचारात तिची घ्यायची दखल, असे तिचे चार भाग. वरचे प्रश्न त्याच धर्तीचे आहेत, पण कागद हातात धरून वाचून दाखवू नका.

साळावली
कुळागरताईंशी सहमत. वेळ अगदीच कमी असेल तर एक प्रश्न पुरतो: "मन शांत आहे का?" आस्तिक असो वा नास्तिक, कोणालाही विचारता येतो. उत्तर "नाही" आलं तर पुढे "कशाने?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. दहा-पंधरा सेकंदांची शांतता नवख्या स्वयंसेवकाला सोसत नाही आणि तो मधेच "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" म्हणून टाकतो. तिथे दार बंद होतं.

डॉक्टर_तिसवाडी
दुसऱ्या प्रश्नाचं सविस्तर लिहितो, कारण याच कारणाने बरेच रुग्ण विनाकारण दुखणं काढत बसतात.

साधी मॉर्फिनची गोळी अर्ध्या तासात लागू पडायला लागते. तासाभरात परिणाम सर्वांत जास्त असतो आणि चार तासांत ओसरतो. म्हणून ती चार-चार तासांनी देतात. बहुधा सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 अशा वेळा असतात. रात्रीची मात्रा वाढवून पहाटे 2 ची गोळी टाळतात. गुंगी येते ती मुख्यतः सुरुवातीचे दोन-तीन दिवस आणि मात्रा वाढवल्यानंतर. नंतर शरीराला सवय होते. बद्धकोष्ठाची मात्र सवय होत नाही, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध रोज सोबत चालूच ठेवायचं.

तेव्हा रुग्णाला आधी विचारा, गुंगीची भीती ऐकीव आहे की आज प्रत्यक्ष गुंगी येते? ऐकीव असेल तर "तीन दिवस घेऊन बघा, चौथ्या दिवशी तुम्हीच सांगा" एवढं पुरतं. गुंगी खरीच असेल तर कारण शोधायला हवं. मात्रा जास्त आहे का? सोबत झोपेची गोळी किंवा खोकल्याचं गुंगीचं औषध चालू आहे का? किडनी मंदावली आहे का? किडनी मंदावली की मॉर्फिनचे अंश शरीरात साचतात, माणूस पेंगतो आणि झोपेत हातपाय दचकतात. हे दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

सगळं ठीक असूनही सातच्या नामाची अडचण राहिली तर वेळापत्रक तासभर अलीकडे घेता येतं: 5, 9, 1, 5, 9. पाचला गोळी घेतली की सातला तिचा सर्वांत जोराचा भाग मागे पडलेला असतो आणि दुखणंही झाकलेलं असतं. गोळी गाळण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. बारा तास चालणारी गोळी असेल तर ती कुटून किंवा चावून देऊ नका, सगळी मात्रा एकदम उतरते. आणि हे बदल इलाज करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच.

माशेलचा_पिंपळ
डॉक्टर म्हणतात ते शरीराचं झालं. पण "शुद्ध हवी" म्हणणाऱ्या माणसाच्या मनात कधी कधी दुसरंच असतं. "हे माझे भोग आहेत, इथेच भोगून संपवले तर पुढे उरणार नाहीत." अशा माणसाशी वाद घालू नका. गोळी म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ असं त्याला वाटत असेल तर त्याच्याच भाषेत विचारा, "औषध मिळणं, ते द्यायला माणूस दारात येणं, हेसुद्धा प्रारब्धातलंच नव्हे का?" त्याचे नेहमीचे पुरोहित किंवा मठातले कोणी जाणते असतील तर त्यांच्या तोंडून हे आलेलं अधिक लागू पडतं. त्यासाठी पुरोहितांना आधी गोळीची माहिती द्या. त्यांनाच मॉर्फिन म्हणजे व्यसन असं वाटत असलं तर सगळं उलट होईल.

बार्देशची_बाय
आमच्या ख्रिस्ती घरांतही हेच असतं. दुखणं येशूच्या दुःखाशी जोडून अर्पण करायचं म्हणून गोळी नाकारतात. त्यांना सांगता येतं की पोप बारावे पायस यांनी 1957 मध्येच भूलतज्ज्ञांपुढच्या भाषणात स्पष्ट केलं होतं, दुखणं कमी करण्यासाठी औषध घेण्यात पाप नाही, शुद्धीवर थोडा परिणाम झाला तरी. चर्चच्या शिकवणुकीच्या ग्रंथातही वेदनाशामक सेवेला प्रोत्साहन द्यावं असं म्हटलेलं आहे. हे घरच्यांनी सांगण्यापेक्षा फादरनी सांगावं.

दुसरी गोष्ट, रुग्णांचा तेलाभ्यंग. फादर तेल घेऊन दारात आले की घरात रडारड सुरू होते, कारण हा शेवटचाच विधी अशी जुनी समजूत आहे. 1972 मध्ये विधीची मांडणी बदलली. गंभीर आजारात तो केव्हाही घेता येतो आणि आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. म्हणून रुग्ण बोलत असताना, स्वतः "आमेन" म्हणू शकत असताना बोलवा. अगदी शेवटच्या तासासाठी राखून ठेवू नका.

पापनिवेदन करायचं असेल तर खोली रिकामी करून द्या. पडद्याआड उभं राहू नका. घसा बंद झालेला असेल तर मानेने, हाताच्या दाबाने खूण केली तरी चालते, फादरना हे ठाऊक असतं. परमप्रसाद (फादर देतात ती पवित्र भाकर) गिळवत नसेल तर अगदी कणभर तुकडा, वर घोटभर पाणी. तेही जमत नसेल तर फादर द्राक्षारसाचा थेंब देऊ शकतात. आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्याला परमप्रसादाआधीच्या तासाभराच्या उपासाचं बंधन नाही. वाड्यावरच्या लहान ख्रिस्ती समुदायातली माणसं रोझरीला (माळेवरच्या प्रार्थनेला) येतात, पण पाच-सहाच येऊ द्या. वीस जण आले की रुग्णाला पाहुणचाराची काळजी लागते.

रुमड
सर्वांचं वाचतोय, वाचनखूण साठवली. एक शंका. रुग्णाला आजार किती पुढे गेलाय हेच घरच्यांनी सांगितलेलं नसतं. "बाबांना काही बोलू नका हां" असं दारातच बजावतात. मग श्रद्धेचं बोलायचं कसं? आधी खरं सांगितल्याशिवाय हे सगळं पोकळ नाही का?

साळावली
नाही, पोकळ नाही. "तुम्हाला बळ कशातून मिळतं" हे विचारायला आजाराचं नाव घ्यावं लागत नाही. रुग्णाला बहुधा कळलेलंच असतं, तो घरच्यांना जपत असतो.

दुधसागर
साळावलीताई, इथे माझा थोडा मतभेद आहे. रुग्ण थेट विचारतो, "माझं काय होणार?" तेव्हा विषय बदलला तर पुढचं सगळं खोटं पडतं. क्रम असा ठेवावा. घरच्यांना बाहेर बसवून विचारा, "सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते?" भीती ऐकून घ्या. मग म्हणा, "मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही." एवढं बहुतेक घरं मान्य करतात. नंतर रुग्णाला विचारा, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? अजून जाणून घ्यायचंय की ते मुलांनी बघावं?" काही जण खरंच म्हणतात, मुलांनी बघावं. तोही त्यांचा निर्णय, तो मानायचा. स्वयंसेवकाने मात्र आजाराची बातमी स्वतः सांगू नये, ते डॉक्टरांचं काम.

साळावली
दुधसागर, एवढ्या तपशिलात मान्य. "खोटं बोलणार नाही" हे आधी ठरवून घेणं महत्त्वाचं.

डॉक्टर_तिसवाडी
त्यात भर: तो प्रश्न आलाच तर स्वयंसेवकाने म्हणावं, "हे का विचारावंसं वाटलं?" उत्तरात अनेकदा अडलेलं काम निघतं. जमिनीचे कागद, मुलीचं लग्न, भावाशी मोडलेलं बोलणं. भावाला फोन लावून देणं हीसुद्धा आध्यात्मिक काळजीच.

कुळागर
आता एक विषय, जो कोणी काढत नाही. जखम आणि ओवळेपण.

स्तनाचा किंवा तोंडाचा कॅन्सर त्वचा फोडून बाहेर आला की वास येतो. पोटावर शौचाची पिशवी असते. अशी बाई देवघराकडे जाणं सोडते, तुळशीला पाणी घालणं सोडते, नातवंडाला जवळ घेत नाही. विचारलं तर "मी ओवळी" म्हणते. घरचे समजतात देवावरचा विश्वास उडाला. विश्वास शाबूत असतो, लाज आडवी आलेली असते. इथे उपाय ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये आहे.

अर्धा लिटर पाण्यात एक चमचा मीठ घालून उकळा, कोमट होऊ द्या. जुनं ड्रेसिंग ओढून काढू नका, याच पाण्याने भिजवून सुटं करा, नाहीतर रक्त येतं. जखम ओतत्या पाण्याने धुवा, बोळ्याने घासू नका. वास येतो तो ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंमुळे. त्यावर मेट्रोनिडाझोल चालतं. गोळी बारीक कुटून तिची पूड जखमेवर पातळ भुरभुरवतात किंवा जेल लावतात, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. काही दिवसांत वास उतरतो. वर न चिकटणारी जाळी, मग गॉझ, मग शोषणारा पॅड. खाटेखाली उघड्या ताटलीत लाकडी कोळसा ठेवला तर खोलीचा वास कमी होतो. उदबत्तीने वास झाकू नका, दोन्ही मिळून मळमळ वाढते.

वेळ महत्त्वाची. ड्रेसिंग दुपारी करत असाल तर ते पूजेच्या अर्धा-पाऊण तास आधीवर आणा. दुखत असेल तर ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी जादाची गोळी. मग स्वच्छ साडी नेसवून खुर्चीवर तुळशीपाशी न्या. एवढं जमलं की पुढचं ती स्वतः करते.

जखमेतून रक्त येण्याचा धोका असेल तर गडद रंगाचे दोन टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्यावर थोडंसं रक्तही फार दिसतं आणि घर घाबरतं.

माशेलचा_पिंपळ
कुळागरताई, हा प्रतिसाद वहीत शब्दशः घ्यावा असा आहे. पुरोहितांच्या बाजूने एवढंच: आजाऱ्याला स्नानाचा, सोवळ्याचा नियम लागू नाही. ओल्या फडक्याने अंग पुसलं की झालं. नामाला सोयर-सुतक नसतं. घरात सुतक असलं, देवपूजा बंद असली तरी रुग्णाने नाम घ्यायला, हरिपाठ ऐकायला काही आडकाठी नाही. हे त्यांना कोणीतरी अधिकाराने सांगावं लागतं, एरवी दहा-तेरा दिवस माणूस विनाकारण कोरडा राहतो.

घशाला छिद्र असेल, बोलता येत नसेल तर मानसजप. माळ ओढायला बोटांत ताकद नसेल तर माळ नुसती तळहातात ठेवा.

औषधवाला
उपासाबद्दल कोणी लिहिलं नाही. एकादशी, सोमवार, शिवराक (मासे-मांस वर्ज्य) पाळणारी माणसं आजारातही सोडत नाहीत. गोळ्यांच्या बाबतीत हे पाहा:

डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रिकाम्या पोटी नको. उपासाला चालणारं दूध-केळं आधी द्या. साबुदाण्याची खिचडी तोंड आलेल्या माणसाला गिळवत नाही, पातळ खीर करा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर निर्जळी उपास अजिबात नको, साखर उतरेल. मॉर्फिन पाण्यासोबत घेता येते, तिला उपासाची अडचण नाही.

कॅप्सूलचं वेष्टन बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यापासूनचं असतं. शाकाहारी आणि मुसलमान रुग्ण दोघांनाही हे सलू शकतं. तेच औषध गोळीत किंवा पातळ स्वरूपात मिळतं का ते दुकानदाराला विचारा, पुष्कळदा मिळतं. मनाने कॅप्सूल उघडून पूड देऊ नका.

आणि उलट बाजूही लिहितो. रुग्णाला सोमवारी माशाची कढी खावीशी वाटली आणि घरचे शिवराक म्हणून अडवत असतील तर रुग्णाच्या बाजूने बोला. दिवसाकाठी चार घास जाणाऱ्या माणसाचा नेम त्याने स्वतः ठरवावा.

रुमड
कढीसाठी औषधवाला बाबना +1. हुमण असेल तर +2. 🙂

जांबावली
देवाला कौल लावून मगच पुढचा उपचार, अशी पद्धत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. शहरातले स्वयंसेवक तिला हसतात, हसू नका. घरच्यांना नम्रपणे विचारा, देवापुढे प्रश्न काय ठेवला होता? "केमो घेऊ की नको" असा ठेवला असेल आणि उत्तर नको आलं असेल, तर दुखण्याचं औषध, ड्रेसिंग, नर्सची भेट याला नकार आलेला नाही. तो प्रश्न विचारलेलाच नव्हता. घरची मोठी माणसं हा फरक लगेच धरतात. गाऱ्हाणं घालताना "दुखणं सुसह्य होऊ दे" असंही मागणं घालता येतं. फक्त बरं होण्याचंच मागणं असेल आणि ते पुरं झालं नाही तर रुग्ण स्वतःला दोष देतो, आपली भक्ती कमी पडली म्हणतो.

डॉक्टर_तिसवाडी
जांबावली, फार उपयोगी मुद्दा. एक लाल रेघ तेवढी वहीत ओढा. कॅन्सर मणक्यात गेलेल्या माणसाची पायातली ताकद अचानक कमी झाली, कंबरेखाली बधिर झालं, लघवी अडली, तर ते त्याच दिवशी हॉस्पिटलचं काम. मज्जारज्जूवर दाब आलेला असतो आणि उशीर झाला तर पाय परत येत नाहीत. कौल, नवस, गाऱ्हाणं सगळं हॉस्पिटलात पोचल्यावर.

नवीन_सदस्य_केपें
"माझी आई मला दिसते, ती बोलावतेय" असं रुग्ण म्हणतो. घरचे घाबरून झाडा घालायला माणूस आणतात. हे भ्रम समजायचे का?

डॉक्टर_तिसवाडी
रुग्ण शांत असेल, दिसण्याने त्याला बरं वाटत असेल, बाकी ओळख-पाळख शाबूत असेल तर काही करू नका. "आई काय म्हणते?" एवढं विचारा. पण तो घाबरलेला असेल, कपडे ओढत असेल, रात्री जागा आणि दिवसा झोपलेला, वेळ-जागा चुकत असेल तर तो वाताचा प्रकार आहे, आणि त्याला बहुधा कारण असतं. लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, रक्तातलं कॅल्शियम वाढणं, औषधं. यातलं बरंचसं दुरुस्त होतं. झाडा घालणाऱ्याला हाकलू नका, पण धूर, मिरच्या, मारहाण, जबरदस्तीने काही पाजणं याला ठाम नकार द्या. डॉक्टरांना फोन मात्र आधी.

कुळागर
धूर निघालाच आहे तर: ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, समई, उदबत्ती, मेणबत्ती नको. ज्योत किमान तीन मीटर लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. आरती ओवाळायचीच असेल तर देवघरात ओवाळून हात रुग्णाच्या कपाळाला लावा. बॅटरीचा दिवा चालतो. नाकाला, ओठांना ऑक्सिजनसोबत पेट्रोलियम जेली लावू नका.

तीर्थ, गंगाजल: गिळणं कमजोर झालेल्या माणसाच्या तोंडात पळीने ओतलं की ते श्वासनळीत जातं आणि खोकल्याने जीव घाबरा होतो. स्वच्छ बोळा तीर्थात बुडवा, घट्ट पिळा आणि ओठ ओले करा. तुळशीचं पान तोंडात कोंबू नका, ओठांवर टेकवा. केमो नुकतीच झालेली असेल तर बाहेरून आलेलं, सगळ्यांनी हात घातलेलं तीर्थ नको, उकळून गार केलेलं घरचं पाणी वापरा.

माशेलचा_पिंपळ
आणखी एक, शेवटच्या तासांतलं. माणसाला भुईवर घ्यायची प्रथा आहे. हाडांत पसरलेला कॅन्सर असेल तर उचलतानाच असह्य कळ येते, हाड मोडूही शकतं. शास्त्राला धरून मधला मार्ग असा: खाटेखालची भुई सारवा किंवा पुसून घ्या, अंथरुणाखाली दर्भ ठेवा, उशाशी तुळस. बहुतेक पुरोहित हे मान्य करतात. आधीच विचारून ठेवा, त्या घाईत वाद नको.

कुळागर
बरोबर. आणि भुईवर घ्यायचंच ठरलं तर ते दोन दिवस आधी, शांतपणे. जाड चादर अंगाखाली सरकवून चौघांनी चार कोपऱ्यांवर, "एक-दोन-तीन" म्हणून एकदम उचला. अर्धा तास आधी दुखण्याची जादा मात्रा. लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती मूत्राशयाच्या खाली लोंबायला हवी. अंथरूण थेट जमिनीवर असलं की पिशवी त्याच पातळीवर येते, लघवी साचते, पोट फुगतं आणि माणूस तळमळतो. घरच्यांना वाटतं प्राण जात नाही. म्हणून वीतभर उंचीची फळी किंवा दोन गाद्या एकावर एक.

सय्यद_मडगांव
मुसलमान घरांसाठी थोडक्यात. गोव्यातून किब्ला (नमाजाची दिशा) पश्चिमेला, जरा उत्तरेकडे झुकलेला. खाट त्या बेताने फिरवा. उजव्या कुशीवर तोंड तिकडे, किंवा उताणं झोपवून पाय तिकडे आणि डोकं उशीने उंच. उठता येत नसेल तर नमाज झोपून, मानेच्या किंवा डोळ्यांच्या इशाऱ्याने होते. पाणी सोसत नसेल तर तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी स्वच्छ मातीने शुद्धी. रमजानचे रोजे आजाऱ्याला माफ आहेत. शेवटी कलमा कानाशी हळू म्हणावा, पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नये. रुग्णाच्या आणि सेवकाच्या स्त्री-पुरुष असण्याचा विचार करा, पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

दुधसागर
देव न मानणाऱ्यांसाठीही दोन शब्द. त्यांना कोणी विचारतच नाही. हार्वे चोचिनोव या कॅनडातल्या मनोविकारतज्ज्ञांची 'डिग्निटी थेरपी' इथे कामाला येते आणि फार खर्चाची नाही. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, तासाभराच्या आत. विचारायचं असं: आयुष्यातला कुठला काळ सगळ्यात जिवंत वाटतो? कशाचा अभिमान आहे? घरच्यांनी काय लक्षात ठेवावं? त्यांना काय सांगायचं राहिलंय? मग लिहून काढा, रुग्णाला वाचून दाखवा, तो सांगेल ते बदला, आणि प्रत त्याच्या हातात द्या, तो देईल त्याला देईल. कोकणीत बोलला तर कोकणीतच लिहा, शुद्ध मराठी करायला जाऊ नका.

बिघडतं दोन ठिकाणी. एक, "पुढच्या आठवड्यात करू" म्हणून, त्याआधी आवाज जातो. दोन, एखाद्या मुलाबद्दल कडवट वाक्य येतं. ते वाचून दाखवताना थांबून विचारा, "हे असंच राहू द्यायचं?"

याच सुमाराला वैद्यकीय इच्छापत्राचं बोलून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. गोव्यात 2024 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. व्हेंटिलेटर नको, घरीच राहायचंय, फादरना बोलवा, हे सगळं त्यासोबत लिहून ठेवता येतं.

जांबावली
भजन मंडळाबद्दल विसरले. पाच जण, वीस मिनिटं, पखवाज नको, टाळ हळू. कपाळाला आठी पडली, बोटं अस्वस्थ हलू लागली की अभंग पुरा करून थांबा. रुग्णाला आवडणारं नाट्यपद असेल तर अभंगाचा हट्ट नको.

सांजवात_फोंडा
तुम्ही सर्वांनी भरभरून दिलंत, देव बरें करूं. तिसरा प्रश्न अजून लोंबकळतोय. काम कोणाचं?

कुळागर
ऐकण्याचं काम खोलीत असेल त्याचं. अंग पुसणारी बाईच पुष्कळदा सर्वांत जास्त ऐकते, तिलाही वहीतली चार वाक्यं शिकवा. विधी त्या-त्या धर्माच्या माणसाचा. स्वयंसेवकाने स्वतःची प्रार्थना रुग्णावर लादायची नाही. रुग्णाने "माझ्यासोबत म्हणा" म्हटलं तर त्याची प्रार्थना म्हणायला हरकत नाही, नाहीतर हात धरून बसा. चमत्काराचं आश्वासन, आपल्या गुरूंचं पुस्तक, अंगारा, यातलं काहीही पिशवीत नेऊ नये.

डॉक्टर_तिसवाडी
आणि वर कधी कळवायचं तेही लिहा. सतत "मी पापी आहे, ही शिक्षा आहे" हेच घोळणं, कशातच मन न लागणं, औषध आणि अन्न रागाने नाकारणं, जीव देण्याची भाषा. "देवा, आता ने" हे थकलेल्या माणसाचं म्हणणं असू शकतं. पण "कसं संपवू" याचा बेत असेल तर रुग्णाला एकटं सोडू नका. मॉर्फिनचा डबा कुलपात, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो. नैराश्य आध्यात्मिक समजून सोडून दिलं तर औषधाने उतरण्यासारखं दुःख तसंच राहतं.

साळावली
घरी अजिबात निभत नसेल तर पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठीचं लोटलीचं शांती अवेदना सदन आहे, तिथे कुठल्याही धर्माच्या रुग्णाला ठेवून घेतात. तेही नाव वहीत असू द्या.

सांजवात_फोंडा
मसुदा असा करते: पहिल्या पानावर दुखण्याचा आकडा आणि कुळागरताईंचे चार प्रश्न. दुसऱ्या पानावर गोळ्यांच्या वेळांशेजारी पूजा, नमाज, रोझरीच्या वेळा, म्हणजे टक्कर लगेच दिसेल. तिसऱ्यावर ड्रेसिंग, तीर्थ, ज्योत, भुईवर घेणं. चौथ्यावर कळवायची लक्षणं लाल अक्षरांत. नामाच्या वेळेचं पाच-नऊ-एकचं वेळापत्रक डॉक्टरांच्या सहीसाठी जागा ठेवून घालते.

दुधसागर
पहिल्या पानावर "कोणाला बोलवायचं" याच्या खाली "कोणाला बोलवायचं नाही" असाही रकाना ठेवा, आणि तो रुग्णाला एकट्याला विचारून भरा. दर आठवड्याला पुन्हा विचारा, उत्तरं बदलतात.

सांजवात_फोंडा
घेतलं. पेन्सिलनेच भरायला सांगते.